बंद खोलीला भिंत फोडून खिडकी बसवायची आहे, खर्च कशावर ठरतो?

उजेडाची_खोली:

पहिल्या मजल्यावर १० × १२ फुटांची खोली आहे. एकही खिडकी नाही, उजेड आणि वारा यायला दार सोडून वाट नाही. १० फुटांची एक भिंत बाहेरच्या बाजूला आहे, पलीकडे आमचीच मोकळी जागा आहे. त्या भिंतीत ४ × ४ फुटांची खिडकी बसवायचा विचार आहे. भिंत विटांची, गिलाव्यासकट साधारण १० इंच जाड. छत स्लॅबचं, खोलीची उंची १० फूट. वर आणखी एक मजला आहे.

दोन ठेकेदारांनी अंदाज दिले. दोन्ही एकरकमी, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ अडीचपट. कागदावर दोघांनीही "खिडकी बसवणे, सर्व कामासह" एवढंच लिहिलंय. स्वस्तात करणारा म्हणतो की ४ फुटांना लिंटेल (खिडकीच्या माथ्यावरची, भिंतीत टेकलेली आडवी तुळई) लागत नाही, चौकटच वरचा भार घेते.

दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून पैशांचा आकडा विचारत नाही. माल किती, माणसं किती, दिवस किती एवढं कळलं तर दर मी लावून घेईन. लिंटेल खरंच टाळता येतं का? आणि आकार कमी केला तर खर्च त्या मानाने उतरतो का?

ओळंबा:

आधी लिंटेलचं बोलू, कारण तिथे चुकलं तर बाकी हिशोबाला अर्थ नाही. चौकट भार घेत नाही. ॲल्युमिनियमची असो, यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) असो की लाकडाची, ती काच आणि झडपा धरायला असते. भोक पाडलं की वरच्या विटा काही काळ कमानीसारख्या एकमेकींना धरून राहतात. लगेच काही पडत नाही, त्यामुळे असं बोलणाऱ्याचं खरं वाटतं. नंतर त्या विटा हळूहळू बसत जातात आणि भार चौकटीवर उतरतो. पहिली खूण म्हणजे झडप घासायला लागते. मग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. काच टफन्ड (भट्टीत तापवून कडक केलेली) असेल आणि तिच्या कडेवर दाब आला, तर ती तडकत नाही, एका क्षणात सगळीच्या सगळी चुरा होते. हे बोलणाऱ्या ठेकेदाराचा अंदाज बाजूला ठेवा.

आता खर्च. खिडकी तीच ठेवली तरी भिंत बदलली की खर्च दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, म्हणून पहिलं काम भिंत ओळखण्याचं. इमारत कॉलम-बीमच्या सांगाड्याची असेल तर ही भिंत नुसती भरलेली आहे. स्लॅबचा भार बीमवर जातो. अशा भिंतीत खिडकीचा माथा थेट बीमच्या तळाला भिडवला तर लिंटेल लागतच नाही, काम निम्म्यावर येतं. (कॉलम किंवा बीमला मात्र छिन्नीचं टोकही लावू द्यायचं नाही.) सांगाडा नसेल तर स्लॅब थेट विटांच्या भिंतीवर बसलाय आणि तुमची खिडकी त्या भाराच्या वाटेत येणार आहे.

९ इंची भिंतीत ९ इंची बीम गिलाव्याखाली सपाट लपतो, नुसतं पाहून कळत नाही. त्यासाठी ६ मिमीच्या बिटने तीन भोकं पाडा: छताखाली ६ इंचांवर, १२ इंचांवर आणि १८ इंचांवर. गिलावा पार झाल्यावर येणारी भुकटी बघा. लाल आली तर वीट. करडी आली आणि बिट पुढे जाईना, तर काँक्रीट. करडी भुकटी आली पण बिट लोण्यात शिरल्यासारखं गेलं, तर विटांमधला सांधा लागलाय, दोन इंच बाजूला सरकून पुन्हा पाडा. भोकं आडव्या दिशेत दोन-तीन ठिकाणी घेतलेली बरी.

तुमच्या ४ × ४ चं माप मांडतो. भिंत भार घेणारी आहे असं धरलंय.

विटकाम फुटणार ४ × ४ × पाऊण फूट, म्हणजे १२ घनफूट. गिलावा धरून वजन ७०० किलोच्या आसपास. हे लिंटेलच्या खाचेतला माल सोडून. २५ किलोच्या गोण्या धरल्या तर ३० गोण्या जिन्यावरून खाली न्यायच्या, आणि पुढे गाडी. राडारोडा उचलणं अंदाजात लिहिलेलं नसेल तर तो तुमच्या दारात राहतो.

लिंटेल काँक्रीटचं केलं तर लांबी ४ फूट अधिक दोन्ही बाजूंना भिंतीवर टेकणारा ८-८ इंच भाग, म्हणजे सव्वापाच फुटांच्या जरा वर. ९ इंच रुंद, ६ इंच खोल. खाली १२ मिमीच्या दोन सळया, वर १० मिमीच्या दोन, ८ मिमीच्या रिंगा दर ६ इंचांवर. एकूण लोखंड ८ किलोच्या आत-बाहेर. १:१.५:३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला अर्धी गोणी सिमेंट. लिंटेल, गिलावा आणि कडा भरणं मिळून २ गोण्या सिमेंट, ६-७ घनफूट वाळू, २ घनफूट खडी. म्हणजे माल अगदी थोडा आहे. पैसा जातो तो माणसांच्या दिवसांत, काम होईपर्यंत स्लॅब धरणाऱ्या टेकूच्या भाड्यात आणि दोन्ही बाजूंच्या डागडुजीत. एक गवंडी आणि दोन मदतनीस धरले तर ५ ते ६ दिवसांचं काम. मधे थांबावं लागतं, त्यामुळे कॅलेंडरवर तीन आठवडे.

आकाराचं उत्तर थोडं वेगळं आहे. रुंदी महाग आणि उंची स्वस्त, एवढं धरून चला. उंची वाढवली तर फक्त जास्त विटा फुटतात आणि काच वाढते, लिंटेल तेच राहतं. रुंदी वाढवली तर लिंटेलवरचा भारही वाढतो आणि त्याची लांबीही. वरच्या विटा कमानीसारख्या धरून राहतात, त्यामुळे लिंटेलवर त्याच्या लगेच वरच्या त्रिकोणातल्याच विटांचा भार येतो; तो त्रिकोणी भार तेवढाच धरला तरी लिंटेलला वाकवणारा जोर रुंदीच्या घनाने वाढतो. ४ चे ६ फूट केले की जोर ३.४ पट. उलटीकडे, ४ चे ३ केले की तो निम्म्याच्याही खाली येतो.

त्या त्रिकोणाची उंची मोकळ्या जागेच्या रुंदीच्या ०.८७ पट धरतात. ४ फुटांवर साडेतीन फूट, ३ फुटांवर साधारण २.६ फूट. तुमचा माथा ७ फुटांवर ठेवला तर लिंटेल आणि छत यांच्यात अडीच फूट विटकाम उरतं. म्हणजे ३ फुटी खिडकीचा त्रिकोण त्यात जवळजवळ मावतो. ४ फुटीचा मावत नाही, आणि मग स्लॅबचा आणि वरच्या मजल्याच्या भिंतीचा भारही हिशोबात धरावा लागतो. ३ × ४.५ फूट करा असं मी सुचवेन. साडेतेरा चौरस फूट होतात. जमिनीच्या १२० चौरस फुटांचा दहावा हिस्सा म्हणजे १२, तो भागतो.

उजेड किती आत जाईल हे खिडकीच्या माथ्याच्या उंचीवर असतं. माथ्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत तो कामाचा राहतो. ७ फुटांना १४ ते १७ फूट, तुमची खोली १२ फूट खोल. त्यामुळे माथा ७ च्या वर नेण्याची गरज नाही. उगाच वर नेला तर डोक्यावरचं विटकाम कमी होतं आणि स्लॅबचा भार थेट लिंटेलवर येतो.

चौकट_झडप:

वरच्या हिशोबाशी सहमत. खिडकीच्या भागाचं लिहितो.

खिडकी आधी बनवून घेऊ नका, भोक पूर्ण होऊन आतल्या कडांचा गिलावा वाळल्यावरच माप द्या. फोडलेली भिंत कधीच कागदावरच्या मापाची निघत नाही. रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची, उंची तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. सगळ्यांत लहान आकडा धरायचा आणि त्यातून दर बाजूला ५ ते ८ मिमी वजा करायचे. कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गवंड्याला परत बोलवा. वाकड्या भोकात सरळ चौकट बसवली की एका बाजूला दोन मिमी फट राहते आणि दुसऱ्या बाजूला वीस, आणि वीस मिमीची फट नुसत्या सिलिकॉनने भरली तर ती वर्ष-दोन वर्षांत सुटते. टफन्ड काच भट्टीत गेल्यावर कापता येत नाही, म्हणून तिचं माप चुकलं की ती काच वायाच.

सरकती घ्यायची की उघडणारी, याचा खर्चावर आणि वाऱ्यावर दोन्हीकडे परिणाम होतो. दोन रुळांची सरकती खिडकी कधीही निम्मीच उघडते. ३ फुटी खिडकीत दीड फूट वारा. मच्छरजाळीसाठी तिसरा रूळ लागतो आणि चौकट जाड होते. उघडणाऱ्या झडपा पूर्ण मोकळ्या होतात, बंद असताना पाणी आणि आवाज जास्त चांगला अडवतात, पण बिजागऱ्या आणि लॉक चांगल्या प्रतीचे लागतात, त्यामुळे त्याच मापाला महाग पडतात. खोलीत एकच खिडकी असेल तर मी उघडणारीच सुचवतो. बाहेरून गज लावायचे असतील तर झडप कुठल्या बाजूला उघडणार ते आधीच ठरवा. गज आधी लागले आणि झडपा बाहेर उघडणाऱ्या आल्या, असं हमखास घडतं.

चौकटीच्या कोपऱ्यापासून ६ ते ८ इंचांवर पहिला स्क्रू, पुढे दर २ फुटांच्या आत एक. स्क्रू विटेत जायला हवा. सांध्यात गेला तर फिरत राहतो. फट फोमने भरून वर बाहेरच्या अंगाला वेदर सिलिकॉन. फट ६ मिमीपेक्षा मोठी असेल तर आधी फोमची दोरी कोंबायची, म्हणजे सिलिकॉन फक्त चौकट आणि भिंत या दोनच बाजूंना चिकटतं आणि ताणलं तरी सुटत नाही.

अजून एक, आणि हे रोज बिघडतं. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने छोट्या चिरा असतात, पाणी निघून जायला. बसवणारा घाईत त्यावरूनच सिलिकॉन फिरवतो, किंवा गवंडी त्यात सिमेंट भरतो. मग पहिल्याच मोठ्या पावसात रूळ भरून पाणी आत सांडतं आणि सगळे काचेला दोष देतात. काम ताब्यात घेताना रुळात तांब्याभर पाणी ओता. ते बाहेरच्या बाजूने पडताना दिसलं पाहिजे.

उजेडाची_खोली:

धन्यवाद दोघांनाही. भोकं पाडून पाहिली. ६, १२ आणि १८ इंचांवर, तीन ठिकाणी. सगळीकडे लाल भुकटी. म्हणजे बीम नाही, भिंत भार घेणारी. ३ × ४.५ मान्य आहे, माथा ७ फुटांवर, खालची कड अडीच फुटांवर. भिंतीवर मधोमध ५ फुटांवर स्विचबोर्ड आहे. आता लिंटेल प्रत्यक्षात घालतात कसं? आधी भोक की आधी लिंटेल? वरच्या मजल्यावर माणसं राहतात.

पाचर:

आधी लिंटेल, मग भोक. हा क्रम उलटा झाला तर बाकी काही विचारात घ्यायला नको, काम थांबवा.

वर माणसं राहत असताना पूर्ण जाडीची खाच एकदम पाडायची नाही. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने अर्धवट जाडीची खाच घेऊन दोन स्टील चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराच्या लोखंडी तुळया) बसवायची. आकार १०० मिमी की १२५ मिमी हे इंजिनिअरने वरचा भार पाहून ठरवायचं. त्याची एक भेट आणि एक पानाचं रेखाटन हा या कामातला सगळ्यांत छोटा खर्च आहे आणि तो वाचवू नये.

खोलीच्या आत भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर स्लॅबला टेकू लावा. स्टीलचे जॅक, दर ३ फुटांवर एक, खाली आणि वर जाड फळी. हाताने फिरवून घट्ट होईल इतकंच. पान्याने ताणून स्लॅब वर उचलायचा नसतो, तसं केलं तर वरच्या मजल्याच्या फरशीला चिरा जातात. खाली तळमजल्यालाही त्याच रेषेत टेकू द्या, नाहीतर तुमचा टेकू खालच्या स्लॅबवर भार टाकतो. भाड्याचे जॅक मोजताना हे विसरलं जातं.

मग आतल्या बाजूने भिंतीत आडवी खाच: लांबी ३ फूट अधिक दोन्ही टोकांना ८-८ इंच, उंची चॅनेलपेक्षा दोन इंच जास्त, खोली ३ इंच. खाचेच्या दोन टोकांना १:३ (सिमेंट, वाळू) मालाची किंवा ग्राउटची (फटी भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाची) सपाट बैठक करा आणि ती कडक होऊ द्या. चॅनेलची पाठ भिंतीच्या आतल्या गाभ्याकडे, पाखं (पाठीच्या वर-खाली वळलेल्या दोन कडा) आपल्याकडे. १०० मिमीचं चॅनेल मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतं. तुमचा तुकडा साधारण तेरा किलोचा, दोन माणसं सहज उचलतात. लेव्हल पाहून बसवायचं आणि चॅनेलच्या वर उरलेली इंचभराची फट भरायची. हीच जागा सगळ्या कामाचं मर्म आहे. फटीत दर फूटभर स्टीलच्या पाचरी हलक्या हाताने ठोका, आणि मधे नॉन-श्रिंक (वाळताना न आकसणारं) ग्राउट नाहीतर १:३ चा अगदी कोरडसर माल ठासा. मुठीत दाबला तर लाडूसारखा राहील पण हाताला पाणी लागणार नाही, इतपतच ओला. पातळ माल भरला तर तो वाळताना आकसतो, दोन मिमीची फट उरते, आणि पुढे भिंत ते दोन मिमी खाली बसते. वरच्या मजल्यावरची चीर तिथून येते.

ग्राउटच्या पाकिटावर दिलेला वेळ, निदान २४ तास, थांबायचं. मग बाहेरच्या बाजूने तशीच खाच, तसंच दुसरं चॅनेल, पुन्हा थांबणं. बाहेरून काम म्हणजे परांची लागणार, तिचं भाडं वेगळं धरा. दोन्ही चॅनेल पक्की झाल्यावर दीड-दीड फुटावर आरपार १२ मिमीचे बोल्ट टाकून आवळायची, म्हणजे मधला विटांचा गाभा दोघांच्या पकडीत येतो.

यानंतर भोक. चार कोपऱ्यांवर १६ इंची लांब बिटने आरपार भोकं पाडा, त्यावरून बाहेरची आखणी आतल्याशी जुळते. ग्राइंडरने दोन्ही तोंडांवर चौकोन कापून घ्या. ९ इंची चकती साधारण अडीच इंच आत जाते, छोटी ४ इंची फक्त इंचभर, आणि भाड्यातला फरक किरकोळ असतो, मोठीच आणा. मधला उरलेला भाग छिन्नीने. सुरुवात लिंटेलच्या लगेच खालून, एकेक थर खाली उतरत. खालून फोडायला घेतलं तर वरचा गठ्ठा अंगावर येतो. ब्रेकर मशीन लिंटेलच्या फूटभर अंतरात वापरू देऊ नका, नुकतंच ठासलेलं पॅकिंग धक्क्याने सैल होतं.

भोक झाल्यावर खालच्या बाजूने दोन्ही चॅनेलना फूट-फूट अंतरावर ६ मिमीच्या पट्ट्या वेल्ड करा, गंजरोधक प्रायमरचे दोन हात द्या, पाखांमधली पोकळी काँक्रीटने भरा आणि कोंबडीजाळी गुंडाळून मगच गिलावा. गुळगुळीत लोखंडावर गिलावा धरत नाही. टेकू शेवटच्या पॅकिंगनंतर निदान ७ दिवसांनी काढा.



खडी_वाळू:

पाचर यांची पद्धत बरोबर आहे, पण काँक्रीटचं लिंटेल अगदीच मोडीत काढू नका. लोखंड बाहेरच्या बाजूला पावसाच्या तोंडी असतं. प्रायमर आणि गिलावा नीट नसेल तर काही वर्षांत गंज फुगतो आणि गिलाव्याचा पापुद्रा आडव्या रेषेत सुटतो. काँक्रीटला ती भीती कमी आणि गिलावा त्याला छान धरतो. लिंटेल आधीच जमिनीवर ओतून १४ दिवस पाण्यावर ठेवलं तर भिंतीत थांबण्याचा वेळही वाचतो.

ओळंबा:

तळमजला असता तर मीही तेच म्हटलं असतं. इथे अडचण वजनाची आहे. सव्वाचार फुटी, ९ × ६ इंचांचा तुकडा ११० किलोच्या पुढे जातो, तो पहिल्या मजल्यावर नेऊन ७ फुटांवर खाचेत सरकवायचा. शिवाय तो पूर्ण जाडीचा असल्याने खाचही आरपार हवी, म्हणजे तोवर वरच्या विटा भिंतीतून आडव्या घातलेल्या तुळयांवर तोलून धराव्या लागतात. सिमेंट-सळई स्वस्त, पण त्या तुळया, जास्तीचे जॅक आणि माणसं धरली की एकूण काम चॅनेलपेक्षा महाग पडतं. खाचेतच ओतलं तर आणखी एक: काँक्रीट बसतं आणि वर फट पडते. म्हणून वरून इंच-सव्वा इंच जागा सोडून ओतायचं आणि ती जागा नंतर कोरड्या मालाने ठासायची. गंजाचा मुद्दा मात्र खरा. बाहेरचं चॅनेल भिंतीच्या तोंडापासून अर्धा-पाऊण इंच आत दाबा, गिलावा तेवढा जाड मिळतो.

वायरिंग_वाला:

स्विचबोर्ड मधोमध आहे म्हणजे त्याची नळी बहुधा छताकडून सरळ खाली येते आणि ती नेमकी तुमच्या लिंटेलच्या खाचेतून जाते. काम सुरू होण्याआधी त्या सर्किटचा एमसीबी पाडा, टेस्टरने बोर्डवर तपासा, आणि बोर्ड खिडकीच्या कडेपासून निदान फूटभर बाजूला हलवून घ्या. वायर मधेच जोडून गिलाव्यात गाडू नका. छतावरच्या डब्यापासून नव्या जागेपर्यंत नळी आणि वायर सलग नवी टाकायची. तुमच्या खोलीत साधारण ५ ते ६ मीटर नळी आणि त्याच्या तिप्पट वायर, फेज-न्यूट्रल-अर्थ धरून. बोर्डवर जितके स्विच, तितक्या परतीच्या वायरी जास्त. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ठेकेदाराच्या अंदाजात हे कधीच नसतं. भिंतीच्या मागे किंवा वर न्हाणीघर असेल तर पाण्याच्या नळ्याही शोधून घ्या.

पागोळी:

पाण्याचं कोणी नीट लिहिलं नाही, आणि नव्या खिडकीची तक्रार येते ती बहुतेक पाण्याचीच.

खालच्या कडेला दगडी पट्टी बसवाल ती बाहेरच्या बाजूला उतरती हवी, ९ इंचांत निदान पाऊण इंच उतार. भिंतीच्या बाहेर दीड-दोन इंच पुढे यायला हवी आणि तिच्या पोटाला, कडेपासून अर्धा-पाऊण इंच आत, ग्राइंडरने एक खाच मारलेली हवी. ती खाच नसेल तर पाणी पट्टीच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे येतं आणि खिडकीखाली दाढीसारखा ओला डाग उमटतो. दोन्ही टोकं भिंतीत इंचभर आत गेलेली असावीत. चौकट पट्टीवर बसते तिथे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा अर्धा इंच उंच ठेवली तर वाऱ्याने ढकललेलं पाणीही आत येत नाही.

छज्जा हवाच, पण जुन्या भिंतीत काँक्रीटचा छज्जा नव्याने काढू नका. छज्जा लटकता असतो, त्याला मागे धरून ठेवायला वरच्या भिंतीचं वजन आणि लिंटेलमध्ये गुंतलेल्या सळया लागतात. चॅनेलच्या लिंटेलला तो जोर देणं अवघड आहे. त्यात लटकत्या छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते आणि साइटवर ती ओतताना पायाखाली दबून खाली जाते. असे छज्जे मुळाशी मोडतात. त्यापेक्षा लोखंडी कंसावर पत्र्याचा किंवा पॉलीकार्बोनेटचा दीड-दोन फुटी छज्जा लावा. वजन किरकोळ, अर्ध्या दिवसात होतो. भिंतीला टेकतो तिथे वरून पत्र्याची पट्टी खाचेत घालून सिलिकॉन भरायचं.

नव्या-जुन्या गिलाव्याच्या सांध्यावर ६ इंच या बाजूला आणि ६ इंच त्या बाजूला जाळी. न लावल्यास खिडकीभोवती चौकोनी केसासारखी चीर पडतेच. आणि रंग: डागडुजीची पट्टी फूटभर असली तरी आतली भिंत पूर्ण रंगवावी लागते, १०० चौरस फूट. बाहेरचा रंग जुना असेल तर नवा तुकडा वेगळा दिसणारच. बाहेरची संपूर्ण भिंत परांचीसकट रंगवायची की नाही हे आत्ताच ठरवा, कारण तो खर्च एकटाच खिडकीच्या किमतीएवढा होऊ शकतो.

चौकट_झडप:

खालची कड अडीच फुटांवर ठेवताय आणि खोली पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे खालचा एक फूट भाग न उघडणारा ठेवा. त्यात टफन्ड नको, लॅमिनेटेड काच घाला. टफन्ड फुटली की जागा मोकळी होते, लॅमिनेटेड फुटली तरी मधल्या पडद्याला धरून चौकटीतच राहते. वरच्या साडेतीन फुटांत दोन उघडत्या झडपा. याने किंमत थोडीच वाढते.

आणि एका खिडकीने उजेड येतो, वारा फिरायला समोर दुसरी वाट लागते. दाराच्या वर दीड फूट उंचीचा झरोका काढा. तिथे दाराचं लिंटेल आधीच आहे का ते बघा, त्याच्या वर काढायचा असेल तर पुन्हा हाच सगळा हिशोब येतो. लिंटेल बदलायचं नसेल तर दार थोडं आखूड करून त्याच चौकटीत वर जाळी बसवता येते.

उजेडाची_खोली:

आता चित्र स्पष्ट झालं. दोन्ही ठेकेदारांना परत बोलावतो. त्यांच्याकडून लेखी काय काय मागू?

ओळंबा:

प्रत्येक कामाची वेगळी ओळ आणि वेगळा आकडा मागा. इंजिनिअरची भेट आणि रेखाटन तुम्ही स्वतः करून घ्या, ठेकेदाराकडून नको, म्हणजे दोघेही एकाच कागदावर भाव देतील. इमारत भागीदारीतली असेल तर बाकीच्यांची आणि स्थानिक बांधकाम परवानगीही तुमच्याकडेच. मग ओळी अशा: टेकू आणि परांची, किती नग आणि किती दिवस, दिवस वाढले तर भाडं कोणाचं. चॅनेल किलोवर, वेल्डिंग आणि बोल्टसकट. फोडकाम घनफुटावर. राडारोडा खाली उतरवणं आणि गाडी, दोन्ही. कडा, गिलावा, जाळी चौरस फुटावर. दगडी पट्टी फुटावर, खाच आणि पॉलिशसकट. खिडकी चौरस फुटावर, त्यात काचेचा प्रकार आणि जाडी, प्रोफाइलची (चौकटीच्या पट्टीची) जाडी, बिजागऱ्या, जाळी हे शब्दांत लिहिलेलं. गज वेगळे. छज्जा वेगळा. वायरिंग वेगळं. रंग आतला वेगळा, बाहेरचा वेगळा.

याच्यावर १५ टक्के हाताशी ठेवा. भिंत उघडल्यावर आत अर्ध्या विटांचे तुकडे भरलेले निघतात, कधी सांध्यात सिमेंटऐवजी माती असते, आणि मग खाचेच्या टोकांना विटा काढून नव्या सिमेंटमध्ये बसवाव्या लागतात. माती निघाली तर लगेच इंजिनिअरला फोन करा, चॅनेलच्या टोकांचा भिंतीवर टेकणारा भाग ८ वरून १२ इंच करावा लागेल.

पैसे टप्प्यांत द्या. चॅनेल बसून ग्राउट भरल्यावर, भोक पाडण्याच्या आधी, एकदा स्वतः जाऊन वरची फट बघा. हातातल्या स्क्रूड्रायव्हरने पॅकिंग टोचून पाहायचं. टोक आत गेलं तर त्या दिवशी छिन्नी लावू द्यायची नाही.

दगडी_भिंत:

माझी भिंत १८ इंची दगडाची आहे, माल चुन्याचा. हीच दोन चॅनेलची पद्धत चालेल का?

पाचर:

जशीच्या तशी नाही. दगडी भिंतीला बाहेरचा आणि आतला असे दोन थर असतात आणि मधे बारीक दगड-मातीचा भराव. बाजूच्या दोन चॅनेलवर ते दोन थर पेलले तरी मधला भराव खाली गळतो. तीन किंवा चार तुकडे शेजारी-शेजारी घालावे लागतात, एका वेळी एकच खाच. त्यात दगड ओबडधोबड असतात, एक दगड काढला की शेजारचा सुटतो, आणि ३ फुटी भोक बघता बघता ४ फुटी होतं. म्हणून खाच पाडण्याआधी त्या पट्ट्यात दर फूटभर भोकं पाडून चुन्याचं पातळ ग्राउट खालून वर भरून घ्या आणि आठवडाभर थांबा. चुन्याच्या भिंतीत कडक सिमेंटचं ग्राउट ढकलू नका, ओल अडकते आणि भोवतीचा चुना भुसभुशीत होतो. फोडायचा माल ९ इंचीच्या दुप्पट, वजन त्याहून जास्त, आणि माणसांचे दिवस अडीच ते तीनपट धरा. ग्राइंडर इथे फक्त गिलावा कापायला उपयोगी, दगड हातानेच एकेक सोडवायचे.